टॉलिव्हर लंगडला नाही

एझ्रा टॉलिव्हर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खाण कामगाराचा मुलगा. हार्लन कॉलेजात काळा असा तो एकटाच. पहाटे वसतिगृहाच्या भट्टीत कोळसा टाकून तो शिक्षणाचा खर्च भागवायचा आणि दुपारी अमेरिकी फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, खेळायचा. चेंडू एकदा त्याच्या काखेत गेला की त्याला पाडायला तिघं-चौघं लागत. १९०९च्या हंगामात हार्लनचा संघ एकही सामना हरला नव्हता, आणि ते कुणाच्या जिवावर, हे गावातला न्हावीसुद्धा सांगायचा.

मग शेजारच्या मिसुरी राज्यातला, सगळ्या गोऱ्यांचा संघ यायचा होता. आदल्या दिवशी प्रशिक्षक ड्रमंडनी एझ्राला खोलीत बोलावलं. टेबलावर पांढऱ्या पट्टीची गुंडाळी होती.

"त्यांचा निरोप आलाय. तू खेळणार असशील तर ते मैदानात पाऊल टाकणार नाहीत."

"नका टाकू म्हणावं."

"तिकिटं खपलीत, पोरा. हे बघ, गुडघ्याला ही पट्टी बांध आणि उद्या जरा लंगड. पेपरात येईल, टॉलिव्हर जखमी. तुझीही अब्रू राहील, आमचीही राहील."

एझ्राच्या बापाचा पाय खाणीत चिरडला होता. खरं लंगडणं कसं असतं, ते एझ्रा लहानपणापासून घरात बघत आला होता. त्याच्या डोक्यात सणक गेली.

"मला बाहेर बसवायचं तर बसवा, सर. ते तुमच्या हातात आहे. पण लंगडणार नाही. खोटं तुम्हाला बोलायचंय ना, मग पट्टी तुमच्याच पायाला बांधा."

दुसऱ्या दिवशी लाल जर्सी आणि खिळ्यांचे बूट घालून तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. सामना सुरू झाला आणि एझ्रा पळू लागला. चुन्याच्या रेघेबाहेरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

लोक आधी हसले. "अरे ए, चेंडू विसरलास काय!" पाहुण्यांच्या बाजूने उष्टी सफरचंदं आली. एक कानावर बसलं. तो पळतच राहिला.

मग न्हावी उठून ओरडला, "हा तर घोड्यासारखा पळतोय! मग बाहेर का ठेवलाय याला?"

प्रश्न बाकाबाकांवरून फिरला. मध्यंतरात ड्रमंड तावातावाने आले. "बंद कर हा तमाशा!"

"तमाशा आत चाललाय, सर. मी नुसता पळतोय."

उत्तरार्धात त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, छाती पेटली. पण आता थांबलो तर हे जखमीच म्हणणार, या एका रागावर तो शेवटच्या शिट्टीपर्यंत पळला.

हार्लन सडकून हरलं. कर्णधार नील्स ब्रॅकन चिखलाने माखलेला त्याच्यापाशी आला. मान खाली.

"मला कालच कळलं होतं, एझ्रा. मी गप्प बसलो."

"मग आता बोल. पण मला नको सांगूस, सरांना सांग."

सोमवारी ड्रमंडनी एझ्राला संघातून काढलं. नील्स सगळ्यांना घेऊन त्यांच्या दारात गेला. "तो नाही, तर आम्हीही नाही."

"चार दिवसांत याल परत," ड्रमंड हसले.

आठवडाभर सरावाला कुणीच फिरकलं नाही. शेवटी प्रशिक्षकांनीच निरोप धाडला. एझ्रा परतला, पण त्याने आभारबिभार काही मानले नाहीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी हंगामातला शेवटचा सामना पावसात बरोबरीत सुटला. त्या रात्री जेवताना पोरांनी त्याला पुढच्या वर्षीचा कर्णधार केलं.

पुढच्या वर्षी मिसुरीवाल्यांनी तीच अट घातली. एझ्राने सामनाच रद्द केला. कॉलेजच्या अध्यक्षांनी खडसावलं, "तुझ्यामुळे नुकसान झालं!" तो म्हणाला, "माझंही झालं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही."

पदवी घेऊन तो बापाच्या खाण वस्तीत मास्तर झाला. शाळेमागची राखेची टेकडी पोरांकडून सपाट करून घेतली आणि तिथे मैदान आखलं. खाणीच्या मुकादमाने तिथे खेळायला दोनदा मनाई केली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी खेळ ठरल्या वेळी सुरू झाला.