गावोगावचे ताक

“जिवंत हाय का?” ताकाची बाटली हातात घेताच नेकनूर गाडीचे आमचे कंडक्टर प्रथम हेच विचारीत.

त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज होती. गोळ्या सोडू नका, जोडीला वाटीभर ताजे ताक घेऊन पाहा, त्यातले जिवंत जंतू कुणाकुणाला मानवतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. कंडक्टरांनी ते भर गाडीत सांगितले, एवढेच त्यांचे चुकले.

आपली माणसे तुम्हाला ठाऊक आहेत. दुसऱ्या दिवसापासून थांब्याथांब्यावर ताक येऊ लागले, तेही गावात नव्यानेच पोहोचलेल्या शीतपेयांच्या बाटल्यांतून. “आमचं पिऊन बघा, त्यांचं लई आंबट ऱ्हातंय,” असे नेकनूरच्या एक मावशी म्हणत. लगेच पुढच्या थांब्यावर आणखी मोठी बाटली तयार! कंडक्टरांना नाही म्हणता येत नसे. वाटीचा हंडा झाला. त्यात एक तांब्या माझ्या घरचा असे, हे नमूद केले पाहिजे.

व्हायचे तेच झाले. गाडी भर माळावर थांबू लागली. “आलोच, गुरुजी,” म्हणत ते बाभळीआड जात. अखेर चेकरसाहेबांनी बजावले, पुन्हा गाडी सोडून उतरलात तर डेपोत बसवीन.

“खुर्चीत बसवलं तर आतड्याआधी मीच मरन,” ते मला हसून म्हणाले. पण तिकिटांची पेटी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

एके दुपारी ते बाभळीआड असतानाच साहेबांची जीप दिसली.

“ताक आपुन पाजलं, आता आपुनच निस्तरावं,” गाडीतच बसलेल्या नेकनूरच्या मावशी पुटपुटल्या.

“कंडक्टर कुठाय?” साहेब कडाडले.

“गाडी म्या थांबवली,” मावशी पुढे झाल्या. “माजं पोट बिघडलंय. त्याला म्होरं धाडलंय, साप-किरडू बघाया.”

“मग तुमी इथं कावून?”

“निघालेच की!”

मावशी उतरल्या. मागून एक पागोटेवाले उठले, “मलाबी कळ आलीय.” मग सारी गाडीच उतरली, बायका डावीकडे, बाप्ये उजवीकडे.

“गुरुजी, तुमीबी?” साहेबांनी विचारले.

वर्गात सत्याचा महिमा सांगणारा मी मान खाली घालून उतरलो आणि एका अपुऱ्या झुडपामागे आत्मपरीक्षण करीत बसलो.

“या गाडीला चेकर न्हाई, डॉक्टर पायजे,” म्हणत साहेब निघून गेले.

कंडक्टर परतले तेव्हा गाडी रिकामी आणि माळ भरलेला. मावशींनी सारे सांगितले. ते दारात उभे राहून एकेकाला हात देत वर घेत राहिले.

पुढे वाटीभरच ताक घेत, निवृत्तीपर्यंत ते रस्त्यावरच राहिले. आता ते नाहीत. आठवतो तो मला वर ओढून घेणारा त्यांचा ओला हात. धुतलेला असावा, असे मी तेव्हाही मानून घेतले होते.