डोळे-मिटा काकूंची दुसरी बॅटरी

शाळेतली मुलं त्यांना डोळे-मिटा काकू म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्माने ओढवून घेतलं होतं. वर्गाचा फोटो काढायचा म्हणजे तीस-पस्तीस मुलांतलं एखादं नेमक्या क्षणी डोळे मिटणारच. म्हणून काकू आधीच सगळ्यांना डोळे मिटायला लावत. "मिटा... मिटलेलेच राहू देत... तीन म्हटलं की उघडा!" तीन म्हणताच अख्खा वर्ग टकामका बघू लागे आणि काकू बटण दाबत. बावीस वर्षं त्या या एकाच शाळेचे वार्षिक फोटो काढत होत्या. माझ्या फोटोत झोपलेलं मूल शोधून दाखवा, असं त्या कोणालाही ठणकावून सांगत.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. आठ वर्ग सुरळीत पार पडले आणि शेवटच्या चौथी 'ब'ला कॅमेऱ्याने मान टाकली. काकू घाबरल्या नाहीत, कारण पिशवीत दुसरी बॅटरी होती. कंपनीची, सीलबंद, चार वर्षांपूर्वी घेतलेली. चांगली वस्तू लगेच वापरायची नाही, हा काकूंचा बाणा. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या त्यांच्या चादरी घडीवर विरल्या, पण एकाही पाहुण्याच्या अंगाला लागल्या नाहीत. तशीच ही बॅटरी अडीअडचणीला म्हणून कपाटात जपलेली. आता अडचण आली, काकूंनी ऐटीत सील फोडलं, बॅटरी घातली, आणि कॅमेरा एकदा लुकलुकून जो गप्प झाला तो झालाच.

चौथी 'ब'चा फोटो आठ दिवसांनी निघाला. त्या दिवशी दोन मुलं गैरहजर होती. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि ते बिऱ्हाड गाव सोडून गेलं. जाण्याआधी तिची आई फोटो न्यायला आली. तिने एकेका ओळीवरून नजर फिरवली, मुलगी कुठेच नाही हे पाहिलं, आणि "असू दे, तुम्ही तरी काय करणार," म्हणून निघून गेली. ती भांडली असती तर काकूंनीही दोन शब्द सुनावले असते. पण हे फार लागलं. वरून मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं, "काकू, पुढच्या वर्षी एकही मूल राहिलं ना, तर मला दुसरा स्टुडिओ बघावा लागेल."

तर असं ते वर्ष सरलं आणि पुन्हा शाळेचा फोटोचा दिवस आला. शुक्रवार ठरला. आदल्या शुक्रवारी काकू कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. टेबलावर उघडे पडलेले कॅमेरे, एक भिंगाचा दिवा आणि स्क्रू ठेवायला औषधाच्या रिकाम्या डब्या. दुरुस्तीवाला चाळिशीचा, कमी बोलणारा, आणि बोलला तर झोंबेल असं बोलणारा. त्याने तीन बॅटऱ्या टेबलावर मांडल्या.

पहिलीवर भलामोठा आकडा छापला होता. ही म्हणे दुप्पट चालते. "काकू, डबी तेवढीच आहे ना? मग दुप्पट माल मावणार कुठे?" असं म्हणून त्याने ती स्वतःच बाजूला सारली. नाव मोठं, लक्षण खोटं.

दुसरी कंपनीची, अस्सल, चकचकीत वेष्टनातली. काकूंचा हात आपसूक तिकडे गेला.

"मागे तारीख बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. बॅटरी पाच वर्षांपूर्वी बनलेली होती. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कंपनीने बनवायच्या बंद केल्यात, हा शिल्लक माल, असंही त्याने सांगून टाकलं.

"अरे पण हात लागलेला नाही हिला! कोरी करकरीत आहे."

"तुमची मागचीही कोरी करकरीतच होती."

"तेच तर! न वापरता गेली कशी, हे तू मला अजून सांगितलं नाहीस."

"वर्षभर तेच सांगतोय. न वापरता नाही, न वापरल्यामुळे गेली. बॅटरी हे लोणचं नाही काकू, मुरायला ठेवायला. पडून राहिली की आतल्या आत संपते."

काकूंना राग आला, कारण हे पटलं होतं. तिसरी बॅटरी कुठल्याशा अनोळखी नावाची होती, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेली, पण दोनच महिन्यांपूर्वी बनलेली. दुधाने तोंड पोळलेल्या काकूंनी ती तीनदा उलटसुलट करून पाहिली, बसते की नाही हे कॅमेऱ्यात घालून पाहिलं, आणि मोठा सुस्कारा सोडून तीच घेतली. निघताना दुरुस्तीवाल्याने अट घातली. हिला शुक्रवारपर्यंत कपाट दाखवायचं नाही. रोज भरायची, रोज संपवायची.

आता संपवायची म्हणजे फोटो काढायचे. आणि कामाशिवाय फोटो काढणं हा प्रकार काकूंना ठाऊकच नव्हता. त्यांनी खिडकी काढली, कपबशा काढल्या, जिन्याचा कठडा काढला. तेवढ्यात जेमतेम साठ झाले. मग कॅमेरा काकांकडे वळला. काका पोस्टातून निवृत्त झालेले, शब्दकोडं सोडवत बसलेले. पहिल्या दिवशी ते वैतागले. "अगं, दाढी तरी करू दे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीचेही फोटो काढू दिले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "डावीकडून घे. डावी बाजू बरी दिसते माझी."

"कोणी सांगितलं?"

"कालच्या फोटोत पाहिलं ना."

काकूंना हसू आवरेना. गावातली निम्मी पोरं त्यांनी कॅमेऱ्यात धरली होती, पण चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा फोटो एकच, तोही पेन्शनच्या कागदासाठी काढलेला. आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या एकेक फोटो पुढे सरकवत बसत. कोडं अडलं की ओठ चावणारा, झाडांना पाणी घालताना त्यांच्याशी पुटपुटणारा, दुपारी खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला हा माणूस त्यांना नव्याने आवडला. तसं त्यांनी काकांना सांगूनही टाकलं. काका कानापर्यंत लाल झाले आणि कोड्यात तोंड खुपसून बसले. तोही फोटो निघाला.

पहिल्याच दिवशी एक भानगडही उघड झाली होती. पडद्यावर बॅटरी भरल्याच्या तिन्ही रेघा दिमाखात दिसत होत्या आणि दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या फोटोला कॅमेरा एकदम बंद पडला. आधी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे एक्याण्णवला तेच, तिसऱ्या दिवशीही त्याच आसपास. काकू तरातरा जिन्याखालच्या दुकानात गेल्या. "तुझी बॅटरी खोटारडी आहे!"

"परक्या कंपनीची आहे, कॅमेऱ्याला तिचा अंदाज येत नाही," तो भिंगातून वर न बघता म्हणाला. "पण रोज एकाच ठिकाणी खोटं बोलते ना? मग भरवशाची आहे."

काकूंनी घरी येऊन नेलपॉलिशने नव्या बॅटरीवर दोन टिंबं काढली, कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या जुनीवर एक. भरलेली डाव्या खिशात ठेवायची, संपलेली उजव्या. कानाला खडा लावला की गल्लत करायची नाही.

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात बाकं मांडली गेली. नवी बॅटरी आधी लागली. प्रत्येक मुलाचा एक फोटो, मग वर्गाचे तीन-चार. सातवा वर्ग चालू असताना अडीचशेचा आकडा आला आणि काकू थांबल्या.

"काय झालं?" मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पडद्यात डोकावून पाहिलं. "भरलेली आहे की! तीन रेघा दिसतायत."

"दिसू देत. हिला मी ओळखते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बॅटरी बदलली. मुख्याध्यापिका तिथून हलल्या नाहीत. शेवटच्या चौथी 'ब'चा फोटो होईपर्यंत त्या काकूंच्या मागे उभ्या होत्या. एक मुलगी कमी होती, दातांच्या डॉक्टरांकडे गेलेली. वाट पाहून पाहून शेवटी फोटो काढला, मुलं पांगली, शाळा सुटल्याची घंटा झाली. काकूंनी कॅमेरा आवरायला घेतला, पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक आई मुलीला ओढत आणताना दिसली. मुलीच्या तोंडात कापसाचा बोळा आणि एक गाल टम्म फुगलेला.

"तिचा एकटीचा काढा आणि मोकळ्या व्हा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वर्ग पांगलाय. शिवाय हे असं तोंड घेऊन..."

"नाही हो बाई," काकू म्हणाल्या. "फुगलेला असला तरी गाल चौथी 'ब'चाच आहे. बोलवा सगळ्यांना." आणि त्यांनी स्वतःच हाक ठोकली. कोणी फाटकातून परतलं, कोणी नळावरून, कोणी दप्तर पाठीवर घेऊनच बाकावर चढलं. गाल फुगलेली मुलगी पहिल्या ओळीत, मधोमध बसली.

"डोळे मिटा," काकूंनी सांगितलं. चौतीस मुलांनी डोळे मिटले. "एक... दोन... तीन!"

फोटो निघाला. काकूंनी पडद्यावर मोठा करून मुलं मोजली. पुन्हा मोजली. चौतीस, आणि सगळी जागी.

मुख्याध्यापिकांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. "पुढच्या वर्षीपासून जरा लवकर येत जा," त्या म्हणाल्या. "दुपारी इथे उन्हं डोळ्यांवर येतात."

काकूंनी मान हलवली, कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला, आणि त्या म्हणाल्या, "हलू नका रे कोणी. अजून एक काढते."