अठरा जानेवारीची काच

आमचे गणपतराव दगड विरघळवतात. नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांना तीस वर्षं झाली. हिमालयाच्या डोंगरांखाली एक जुनी दरी गाडली गेली आहे. तिच्यातल्या चिखलाचा दगड झालाय, तो बोअरमधून काढून आमच्याकडे येतो. गणपतराव तो ॲसिडात टाकतात, उरलेले परागकण काचेवर घेतात आणि ते कुठल्या झाडांचे, यावरून मी दरीचं वय सांगते. नाव माझं छापून येतं, हात त्यांचे भाजतात.

माणूस भलताच कडक. शेवंतीचा एक काटेरी कण जरी नमुन्यात शिरला, तरी दरी कोटभर वर्षांनी तरुण ठरते. म्हणून खोलीत फूल आणायचं नाही म्हणजे नाही. शिवाय खिडकीत रोज जेली लावलेली कोरी काच. हवेतून काय पडलं ते तिच्यावर चिकटतं. तारीख घालून जपायची, वहीत नोंद करायची. मला एकदा त्यांनी गजऱ्यासकट दारातूनच परत पाठवलं होतं. मी त्यांची साहेब, पण बोलायची काय बिशाद!

गेल्या आठवड्यात हुकूम आला, जागा नाही, हवेच्या जुन्या काचा फेका. गणपतराव पेट्या उघडून बसले, ते जेवायलाही उठेनात.

“काय शोधताय एवढं?”

“अठरा जानेवारीची काच शोधून राहिलो, मॅडम. दोन वर्सांआधीची. गोपिका आली होती त्या दिवशी.”

गोपिका त्यांची बायको. नवरा काय काम करतो ते बघायला एकदाच आली होती, शेवंतीची वेणी माळून.

“खिडकीपाशी उभी होती. म्या तिले सगळ्यांसमोर झापलं, काहून आली वं फुलं लावून म्हणून. तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केली. घरी मंग आलीच नाही.” ते माझ्याकडे बघेनात. “एक कण तं सापडन ना, मॅडम? एकच पायजे मले.”

कोटभर वर्षांपूर्वीच्या झाडांचे पराग आम्हाला रोज सापडतात, मग हा का सापडू नये? मीही फतकल मारून बसले. संध्याकाळी काच मिळाली. मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गवत, एरंड, धूळ. पुन्हा कोपरान् कोपरा पाहिला. काटेरी गोळा कुठंच नाही.

गणपतरावांनी वही ओढली आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्यांचंच सुबक अक्षर होतं : ‘दुपारी खोलीत फुलं आली. काच फेकून नवीन लावली.’

“म्याच फेकली,” ते म्हणाले.