मामंजींना दिलेला ठेका

मामंजींना कंपवात झाला. आधी नुसते हात थरथरायचे, त्याचं कुणाला फार वाटलं नाही. पुढं पाय दारात अडकायला लागले. अंगणात बरे चालायचे, उंबऱ्याशी आले की जमिनीत रोवल्यासारखे उभे. आमचे हे मागून ढकलायचे, तर अंग पुढं जायचं आणि पाय तिथंच.

भोरला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, "पायांत ताकद आहे. डोक्याकडून चालायचा हुकूम वेळेवर निघत नाही. ओढू नका, ढकलू नका. बाहेरून ठेका द्या. कुणीतरी मोठ्यानं डावा, उजवा म्हणा." आणि माझ्याकडं बघितलं.

मामंजी म्हणाले, "ही? लगीन होऊन पंचवीस वर्सं झाली, अजून हिचा आवाज म्या धड ऐकला न्हाई."

खोटं नव्हतं. त्यांच्यासमोर माझं बोलणं म्हणजे मान हलवणं.

मग मी युक्ती काढली. भिंतीआड बसून थाळीवर पळी वाजवायची. टण, टण. मामंजी उंबरा ओलांडून आत आले! रोज दोन वेळा टणटण सुरू झाली. चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की सासरे आता माझ्या पळीवर चालतात. आमटीला नावं ठेवली, की पळी बंद. ते ओसरीच्या मधोमध उभे.

"वाजीव की गं! आमटी झ्याक हुती!"

मग टण.

जीव मात्र त्यांचा उत्रोलीत होता. तिथं त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. मागची भाऊबीज चुकली होती. ह्यांनी जीप करतो म्हटलं, उचलून बसवतो म्हटलं.

"म्या काय भाताचं पोतं हाय? तिच्या दारात माझ्या पायानं जाईन, न्हाईतर जायाचंच न्हाई."

यंदा भाऊबीजेला ह्यांच्या बहिणी घरी येणार, म्हणून हे थांबले आणि सोबत मी निघाले. थाळी न्यायची लाज वाटली. आंबवड्याच्या फाट्यावर एसटी आली आणि मामंजी पायरीशी अडकले. कंडक्टर खाली उतरून त्यांचा हात ओढायला लागला. मी मानेनं नको नको म्हणत होते, त्याला कुठलं कळायला! घाबरून मी एसटीच्या पत्र्यावरच हातानं ठेका धरला. धप, धप.

ड्रायव्हरला वाटलं, निघायचा इशारा. गाडी सुटली! "अवो, म्या हितं खालीच हाय!" करत कंडक्टर मागं पळाला. दहा पावलांवर गाडी थांबली.

मामंजी हसून हसून वाकले. "पोरी, तोंड उघड आता. न्हाईतर गाडी आपल्याआधी उत्रोलीला जायाची."

खिडक्यांतून सगळी माझ्याकडं बघत होती. माझे कान तापले. "डावा," मी म्हणाले, ते मलाच ऐकू आलं नाही. मग जीव खाऊन ओरडले, "उचला डावा!"

मामंजी गाडीपर्यंत गेले आणि चढलेसुद्धा.

उत्रोलीत थांब्यापासून घरापर्यंत माझा हुकूम चालू होता. लोक दारात येऊन बघत होते. आत्याबाई ओवाळायचं ताट घेऊनच बाहेर आल्या आणि माझ्यावर कडाडल्या, "अगं, सासऱ्याकडनं कवायत करून घेतीस व्हय? गप बस की!"

"आक्का, तिला गप करू नगंस," मामंजी म्हणाले. "ती गप झाली, तर तुला हितंच रस्त्यावर ओवाळावं लागंल."

मी त्यांना पाटापर्यंत नेलं. मधे एकदा "मागं फिरा" म्हणावंसं फार वाटलं, पण तोवर आत्याबाईंच्या ताटातलं निरांजन विझलं असतं.