व्हिस्कीच्या वासाचा पाइप

देवपुरात आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर संध्याकाळी एक निवृत्त इंजिनिअर पाइप ओढत बसतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांची लेक मुंबईहून व्हिस्कीच्या वासाची तंबाखू पाठवते. वाक्य अर्ध्यावर सोडून ते झुरका घेतात आणि धूर गेल्यावर उरलेलं बोलतात. पाइप सारखा विझतो. ते न चिडता लगेच पेटवतात.

दारू सोडल्यापासून मी रोज त्यांच्याजवळ बसू लागलो. घरी गेलो की बायको शर्टाचा वास घ्यायची आणि ताट वाढायची. मी पुन्हा प्यायला लागलो, असं तिला वाटायचं. आबांजवळ होतो, एवढं सांगणं सोपं होतं. पण कशासाठी, तेही सांगावं लागलं असतं.

परवा शेवटी आबांनाच सांगितलं, "मी गप्पांना येत नाही, आबा. दारू सोडलीय, म्हणून या वासाला येतो."

त्यांनी बाकावर ठोकून पाइप रिकामा केला आणि "बरं" म्हणून वर निघून गेले. मला वाटलं, आता हा बाकही गेला.

काल त्यांनीच हाक मारली. धुराला नुसत्या तंबाखूचा उग्र वास होता.

"साधी तमाखू शे," ते म्हणाले. मग झुरका, मग धूर. "बठशी का जाशी?"

मी बसलो. बायको गॅलरीतून बघत होती. आबांनी तिलाही खाली बोलावलं. मी तिला सगळं सांगितलं. मध्येच पाइप विझला, पण माझं बोलणं पुरं होईपर्यंत आबांनी तो पेटवला नाही.