पाच घरचं पाणी

"एक गिलास पानी भेटन का, माय?"

सायकल कुडाला टेकवून मामा कुणाच्याही दारात उभे राहिले की हे वाक्य ठरलेलं. सदा तहानलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण एका गल्लीत पाच घरी पाणी पिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला वाटलं, यांना साखरेचा आजार असावा.

सत्तरच्या दशकात वाशीमकडच्या खेड्यांतून कुष्ठरोगाच्या एका औषधाचा अभ्यास चालू होता. मी नुकताच बी.एस्सी. झालेला संशोधन मदतनीस. गोळ्या किती उरल्या, चट्टा फिका पडला का, हे तक्त्यात भरायचं. मामा आमच्या तुकडीतले सगळ्यांत जुने; सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांचं खरं नाव सांगत नाही. नावं झाकण्यातच त्यांचं आयुष्य गेलं.

पाण्याचं इंगित आठवड्याभराने कळलं. पाचांपैकी एकाच घरात रोगी असे. तिथे तांब्या परत देताना गोळ्यांची पुडी हातात जाई. बाकीची चार घरं गावाच्या डोळ्यांसाठी. गाव त्यांना मलेरियावालेच समजे.

एका घरी मामांना वरून ओंजळीत पाणी ओतत. मामा बौद्ध, छप्पन साली घरादारासकट दीक्षा घेतलेले. मला मात्र तांब्या मिळे, आणि मी तो मुकाट्याने घेई, हेही सांगायला हवं. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "जाता काहून त्या घरी?"

"तेवढं घर सोडलं त लोकं इचारतीन, बाकीच्या घराइत काय हाय? ओंजयीतलंबी पानीच असते, बाबू." मग नेहमीची ताकीद, "सिद्दा कोनाच्या घरी जाऊ नोको."

ही ताकीद त्यांनी मला निदान तीनदा दिली होती.

एकदा मामा रजेवर होते. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर तक्ते पाहायला येणार, आणि आसेगावच्या पलीकडल्या गावात आमच्या औषधावर असलेल्या एका सुनेचा रकाना कोरा. भर दुपारी सायकल मारत मी थेट तिच्या दारात गेलो आणि वर ठळक 'कुष्ठरोग' छापलेला तक्ता हातात धरून सासूला सुनेचं नाव विचारलं. पाणी काही मागितलं नाही. घाई होती, आणि खरं म्हणजे मला तहानच नव्हती.

शेजारणी दारात आल्या. आठवड्याच्या आत सुनेला माहेरी धाडलं. तिची दोन वर्षांची मुलगी सासूने ठेवून घेतली.

डॉक्टरांनी जाब विचारला तेव्हा मी बूट पाहत उभा होतो. मामा म्हणाले, "चूक माही हाय, सायेब. पोराले रीत सांगाले इसरलो." त्यांना लेखी ताकीद मिळाली. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही.

अभ्यासातून त्या बाईचं नाव कटलं. मामा मात्र दर पंधरवड्याला धनजकडे तिच्या माहेरी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या नेऊ लागले. एकदा मलाही नेलं. तिच्या गल्लीत आम्ही पाच घरी पाणी प्यालो. चौथं घर तिचं. तिने मला ओळखलं. तांब्या पुढे करत हळूच विचारलं, "माही पोरगी दिसली का तुमाले?"

मी त्या गावाला पुन्हा फिरकलोच नव्हतो. मामाच म्हणाले, "खेयते, माय. मजेत हाय." आणि ते पाचव्या घराकडे वळले.

लवकरच मी नोकरी सोडली. बारा वर्षांनी शिरपूरच्या बसमधून मामांच्या गावी उतरलो ते 'चूक माझी होती' एवढंच म्हणायला. सवयीने त्यांच्या गल्लीत पहिल्या घरी पाणी मागितलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या घरच्या बाईने पेला देत विचारलं, "मलेरियावाल्या मामाकडे आले का? गेले ना ते. मैना झाला."

पुढचंच घर त्यांचं होतं. दारात त्यांची सायकल होती. तिथे जाऊन पाणी मागायला माझी जीभ रेटेना.