सातव्या महिन्यातली जीप

आमच्या गावात पहिली जीप मी आणली आणि ती बायकोसाठी आणली, हे मी आजही आल्यागेल्याला सांगतो. सांगताना आवाज जरा चढवतो, म्हणजे तो स्वयंपाकघरात ऐकू जातो. लगेच आतून उत्तर येतं, "माझ्यासाठी? माका मारूक हाडलेली ती!" पाहुणे हसतात, मीही हसतो. त्या दिवशी मात्र आमच्यापैकी कोणी हसत नव्हतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मालवणपासून जवळच आमचं गाव. नारळ-सुपारीचा आणि आमसुलांचा घरचा धंदा. मी अठ्ठावीस वर्षांचा आणि घरात एकुलता एक, त्यामुळे स्वतःला फार शहाणा समजणारा. लग्नाला चार वर्षं झाली होती. बायकोची पहिली खेप पाचव्या महिन्यात गेली. का गेली ते कोणालाच कळलं नाही. पण त्याआधी आठच दिवस ती बैलगाडीने माहेरी, वालावलला, जाऊन आली होती. आमच्या घराने सगळा दोष त्या गाडीला दिला आणि विषय मिटवला. पुन्हा दिवस गेले तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, "हिला धक्के बसू देऊ नका."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि ते आमच्यात माणसासारखं राहायला लागलं. बायको घागर उचलायला गेली की आई म्हणायची, "धक्को बसात गो." ती पायरी उतरली की वडील पोथीतून मान वर करायचे. मला जेवण गोड लागेना. सातवा महिना जवळ येत होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत मोडायची तर व्याह्यांना तोंड दाखवणं मुश्कील. वालावल तसं लांब नाही. चौके, धामापूर, काळसे, मग खाडी आणि खाडीपलीकडे तिचं माहेर. खाडी होडीने ओलांडायची, पण खाडीपर्यंत जायचं कशाने? बैलगाडीचं नाव काढलं की आई डोळ्यांना पदर लावायची. सर्व्हिसच्या मोटारीत तर माणसं दारालासुद्धा लोंबकळत. तिथे सातव्या महिन्यातल्या बाईला कुठे कोंबणार?

नेमका त्याच सुमाराला सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर आमच्या वखारीवर आला. मिलिटरीत चाकरी करून आलेला, मिशा पिळलेल्या, बोलणं तोफेच्या तोंडातून निघाल्यासारखं. बेळगावला मिलिटरीच्या लिलावातली एक जीप त्याच्या हाती लागली होती. ती कोणी घेतली तर चालवायलाही तो तयार होता.

"शेट, ही गाडी लढाईवरची," तो म्हणाला. "डोंगर चढता, नदी वलांडता. रस्तो नसलो तरी तिका चलता."

आता माझं डोकं कसं चालतं बघा. जी गाडी रस्ता नसतानाही जाते, ती रस्त्यावर किती आरामात जाईल! लढाईत मोठमोठे साहेब हिच्यातून फिरतात. साहेब काय हाडं खिळखिळी करून घेतील? हिच्या पोटात नक्कीच काहीतरी मऊ यंत्र असणार. मी वडिलांना हे सगळं हातवारे करून समजावलं. वडिलांनी एकच अट घातली: "चलवन दाखव."

चालवून दाखवायला गावातला सगळ्यात चांगला रस्ता कुठला? आमच्याकडे त्याचं एकच उत्तर, ओहोटीची पुळण. पाणी मागे गेलं की ओली वाळू अशी घट्ट आणि सपाट होते की तिच्यावर मुलं चाकं फिरवतात, म्हातारे फिरायला जातात. आम्ही जीप तिथे नेली. मी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन पुढे बसलो. नाटक केल्याशिवाय मला काही करता येत नाही. ड्रायव्हरने गाडी मैलभर नेली, वळवली, परत आणली. एक थेंब सांडला नाही. मी तांब्या उंच धरून सगळ्यांना दाखवला. मासे निवडत बसलेल्या बायकांनी हसून पदर तोंडाला लावले, वडिलांनी मान डोलावली आणि जीप आमची झाली. वालावलला जायचा रस्ता समुद्रकिनाऱ्यावरून जात नाही, हे इतक्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट राहिली होती. आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय काही होत नाही. विहीर खणायची, मुलगी द्यायची, आजाऱ्याला मुंबईला न्यायचं, सगळ्याला कौल. देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आई म्हणाली, "जीपबद्दल कौल घेवन ये." मी गेलो. आणि देवळाच्या पायरीवरच थबकलो. देव नाही म्हणाला तर? मग पुन्हा बैलगाडी, पुन्हा तोच घोर. शिवाय जीपपायी मी सगळ्या गावासमोर नाचलो होतो.

गुरव म्हणाला, "काय इचारूचा?"

मी म्हणालो, "घरची बाय म्हायेराक सुखरूप पोचतली काय, इतक्याच इचार."

त्याने हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा..." मी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत गेलो. उजवी पाकळी पडली. मी घरी जाऊन सांगितलं, "देवान उजवो कौल दिल्यान." हे शंभर टक्के खरं होतं. देवाला जीपचा पत्ताच नव्हता, एवढं फक्त मी बोललो नाही.

निघायचा दिवस आला. भाताची कापणी होऊन गेली होती, हवा थंड होती. आईने जीपच्या मागच्या भागात सावरीच्या कापसाची गादी घातली, चार उशा रचल्या, सुनेच्या ओटीत नारळ घातला आणि स्वतः तिच्याशेजारी बसली. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला मी. परक्या पुरुषाशेजारी घरची सून बसणार कशी? त्यामुळे पुढची जागा माझी, मागची बायकांची. असं कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच असतं.

पहिल्या फर्लांगातच मला कळलं की त्या गाडीच्या पोटात मऊ असं काहीही नाही. रस्त्यावरचा एकेक खडा ती मोजून आमच्या पाठीत घालत होती. मागून उशा उडाल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. बायकोने एका हाताने छताची नळी धरली होती आणि दुसरा हात पोटावर ठेवला होता. माझ्याकडे बघून ती हसली. ते हसणं मला उशांपेक्षा जास्त टोचलं.

"हळू घे रे," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"हळू घेतली तर जास्ती उडता, शेट. रिकामी आसा ना. हिच्यात आठ सोजीर आणि दारूगोळो बसलो की मगे बघा, कशी म्हशीसारखी बसता."

"ह्या तू आदी कित्याक सांगूक नाय?"

"तुमी इचारूक नाय."

चौक्यापर्यंत मी मनात मैल मोजत होतो. धामापूर मागे पडलं आणि आम्ही मोठा रस्ता सोडून खाडीकडच्या गाडीवाटेला लागलो. तिथे खरी कथा सुरू झाली. बैलगाड्यांनी जांभ्या दगडात वर्षानुवर्षं दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. बैलगाडीची चाकं त्यात बरोबर बसत. जीपची चाकं एकमेकांपासून तेवढी लांब नव्हती. एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर चढायचं, आणि सगळी गाडी एका कुशीवर कलायची. मग ते चाक निसटून खाली यायचं, धाडकन. मी दर धडाक्याला पुटपुटत होतो, "झालं, आता झालं, हा शेवटचा." शेवटचा कुठला, ती सुरुवात होती.

मागून बायकोचा आवाज आला. मोठा नव्हता. "अवो."

मी वळलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दुखता?"

"जरासा दुखता." मग पोटावर हात फिरवत ती म्हणाली, "दुखण्याचा काय नाय. चौक्यापासून ता हलाक नाय."

"ता" म्हणजे पोटातलं. सकाळी निघताना ते इतकं नाचत होतं की आई म्हणाली होती, ह्याका आजोळाक जावची घाई झाली.

"थांबय! थांबय ती गाडी!" आई ओरडली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, तो शेवटचा धक्का. इंजिन बंद झालं. आजूबाजूला काजूची झाडं आणि कावळे, बाकी काही नाही.

आई पुटपुटत होती. "देवान उजवो कौल दिल्यान, मगे ह्या असा कित्याक?" आणि बोलता बोलता ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पण आई होती ती.

"झिला, देवाक काय इचारलंस तू?"

"म्हायेराक सुखरूप पोचतली काय, असा."

"जीपचा नाव घेतलंस?"

मी काजूच्या झाडाकडे बघायला लागलो.

"घेतलंस काय नाय?"

"घेवक नाय."

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने तोंड फिरवून सुनेचा हात धरला. बोलली ती बायको. "देवाक फसवल्यात, आता माका तरी फसवू नकात. उतरवा माका. मी चलतंय."

ड्रायव्हर खाली उतरून टायरकडे बघत उभा होता. बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं. तो हळूच म्हणाला, "वैनींका फुडे बसवा, शेट. फुडे धक्को कमी लागता. मागची जागा अगदी चाकाच्या वर. आमी मिलिटरीत थंय पेटये ठेवायचो."

म्हणजे सगळ्या गाडीत सगळ्यात वाईट जागा मी तिला मानाने दिली होती आणि सगळ्यात बरी जागा मानाने मी घेतली होती. मी म्हणालो, "येतंस फुडे?" ती म्हणाली, "आता देवान येवन गाडी चलवली तरी नुको."

मग आम्ही चालत निघालो. पुढे आईच्या खांद्यावर हात टाकून बायको, दर वीस पावलांवर थांबणारी. मागे डोक्यावर गादी घेतलेला मी. त्यामागे तिची ट्रंक घेऊन ड्रायव्हर. खाडी मैलभरावर होती. ती थांबली की माझं काळीज थांबायचं. मी विचारायचो, "हललां?" ती मान हलवायची, नाही. पाच-सहा वेळा विचारल्यावर आई म्हणाली, "मेल्या, गप चल." त्यानंतर मी विचारलं नाही, नुसता तिच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठीवरून काही कळतं का ते शोधत.

होडीत तिला गादीवर आडवं केलं. भरतीचं पाणी होतं. होडी इतकी अलगद जात होती की नावाड्याचं वल्हं पाण्यात बुडताना ऐकू येत होतं. इतका आराम, आणि ती डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून वाट बघत होती.

वालावलला पोचलो तेव्हा तिच्या घरी ओवाळणीचं ताट तयार होतं. ते तसंच राहिलं. सासूबाईंनी मुलीकडे एकदा बघितलं आणि शेजारच्या सुईणीला हाक मारली. ही सुईण म्हणजे माझ्या बायकोलाच जिने जगात आणलं ती. ती बायकोला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. मी ओटीवर बसलो. सासरे मला पानाचं तबक पुढे करत होते, वाटेत त्रास झाला का विचारत होते. मी "नाही, छान प्रवास झाला" म्हणालो. जावई म्हणून माणूस काय वाटेल ते बोलतो.

आतून सुईणीचा आवाज येत होता. "सकाळधरून काय खाल्लंस?" "काय नाय. भियान गळ्याखाली उतराक नाय." "मगे ता तरी काय करतला? उपाशी निजला आसात. हो गूळ खा. पाणी पी. आता डाव्या कुशीर हो." मग सगळं शांत झालं. आई माझ्याशेजारी येऊन बसली होती, ओठ हलवत. ती कोणत्या देवाला काय सांगत होती ते मी विचारलं नाही. त्या बाबतीत मी बोलण्याचा अधिकार गमावला होता. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा शंभरपर्यंत. तिसऱ्यांदा चाळिसाला पोचलो असेन.

"अवो!" आतून बायको ओरडली. सासऱ्यांसमोर एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. "लाथ मारल्यान! दोनदा मारल्यान!"

सासऱ्यांच्या हातातलं तबक कलंडलं आणि सुपाऱ्या ओटीभर झाल्या. मी खाली वाकून त्या वेचायला लागलो.

"मारूकच व्हयी," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण ती लाथ तुका मारूक व्हयी होती." आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच ती पदर तोंडावर घेऊन हमसून हमसून रडायला लागली.